चुडामण वकिलांचा डावा दिवा

चुडामण वकिलांच्या मोटारीचा डावा दिवा एका एडक्याने फोडला. पुढे जळगावच्या वकीलमंडळींत ही हकिकत निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितली गेली. कोणी म्हणाले, चुडामणनानांनी गाडी लिंबाच्या झाडावर घातली. कोणी म्हणाले, केळीच्या गाड्यावर. तसे काहीएक झाले नव्हते. गाडी दारात उभी होती आणि नाना ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांची चूक असलीच तर एवढीच, की आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही दिव्यांच्या काचा राखेने घासून लखलखीत केल्या होत्या. गल्लीतून मेंढरांचा कळप चालला होता. त्यातल्या एडक्याला डाव्या दिव्यात दुसरा एडका दिसला. त्याने त्याच्याकडे रोखून पाहिले. दुसऱ्यानेही रोखून पाहिले. दुसरा मागे हटेना, तेव्हा व्हायचे ते झाले.

नाना कप ठेवून धावले. मेंढरांचा मालक ठेलारी काठीवर हनुवटी टेकून शांतपणे म्हणाला, "साहेब, आपला एडका कोनाच्या वाटेले जात नही. तुमच्या दिव्यानं त्याले डिवचलं."

आधी डिवचले गेल्यामुळे हात उचलला गेला, हाच मुद्दा नानांनी नुकताच एका मारामारीच्या खटल्यात मांडला होता आणि त्यांचा पक्षकार सुटला होता. आपलेच म्हणणे दारात येऊन उभे राहिल्यावर त्याला हाकलावे कसे? तोवर एडका पुढे निघूनही गेला होता.

ही गोष्ट सदतीस-अडतीस सालची. मोटार अमेरिकन, धुळ्याच्या एका डॉक्टरांनी वापरून थकवलेली आणि मग नानांनी घेतलेली. ती नाना स्वतः चालवीत. ड्रायव्हर ठेवणे परवडत नाही म्हणून, असे त्यांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणत. दुसऱ्याच्या हाती यंत्र देणे आवडत नाही म्हणून, असे नाना म्हणत.

दिवा फुटल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला नसेल, पण बातमी गेली. समोरचे हिलाल आप्पा पहिले आले. आप्पा मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. साखळी आणि दुर्बीण घेऊन सारा खानदेश पायाखाली घातलेला माणूस. जगात जे जे वाकडे आहे ते मोजणी नीट न झाल्यामुळे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी फुटक्या दिव्याला तिन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, "गाडी गल्लीला काटकोनात उभी असती तर हे झालं नसतं."

पाठोपाठ शेजारचे रुपचंद शेठ आले. त्यांचे कापडाचे दुकान. "नाना, ऐका माझं. दिव्याच्या भानगडीत पडूच नका. त्या जागी गॅसबत्ती बांधा."

"मोटारीला गॅसबत्ती?"

"का? वरातीत माणसं डोक्यावर घेऊन चालतात. मोटारीला काय डोकं नाही?"

वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, एकाच दिव्यावर हळूहळू नेली तर नाही चालायची?"

"अगं, फौजदार नवीन आलाय," नाना म्हणाले. तेवढ्याने सगळ्यांना समजले. या नव्या फौजदारांनी आल्या आल्या दिव्यांचा ध्यास घेतला होता. तिन्हीसांजेनंतर कंदिलावाचून दिसला की टांगा थांबव, सायकल थांबव. मोटारींना तर पुढे दोन दिवे नसले तर गावाबाहेर पाऊल टाकता येत नसे.

एरवी नानांनी रात्रीचे जाणेच सोडून दिले असते. पण असोद्याच्या सुंदरवहिनींना शब्द दिला होता.

सुंदरवहिनी म्हणजे नानांचे चुलतभाऊ उखर्डूभाऊ, त्यांची बायको. नाना शाळेत असताना त्यांच्याच घरी राहिले. असोद्याहून जळगावच्या शाळेत पायी यायचे, आणि पहाटे उठून त्यांच्या भाकरी बांधून द्यायच्या त्या या नव्याने सासरी आलेल्या वहिनी. नाना वकील झाले, जळगावात घर केले, मोटार घेतली. वहिनींनी कधी काही मागितले नाही. उलट वांगी, केळी, कळण्याचे पीठ त्यांच्याकडूनच येत राहिले. आता त्यांच्या एकुलत्या पुनाचे लग्न ठरले होते. मुलगी जळगावची, लग्न जळगावात, आणि संध्याकाळी वरात असोद्याला. तेव्हा मात्र वहिनी मुद्दाम आल्या आणि ओट्यावर पदर पसरून बसल्या.

"चुडामनभाऊ, पुनाच्या वरातीले तुझी मोटार पाहिजे. आन् दोन्ही दिवे लावून पाहिजे. साऱ्या गावाले सांगून बसली मी."

"वहिनी, दोन काय, असते तर चार लावले असते," नाना म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी एडका आला.

नानांच्या माहितीतला मोटारीचा मिस्त्री चोपड्याला मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता. लग्नसराईच होती, सारे शहाणे लोक कुठे ना कुठे जेवत होते. शिवाय नाना वकीलमंडळींत बोलून गेले होते, की "हॅ, दिवा बसवणं म्हणजे काय, चार पेच आणि एक तार." एकदा असे बोलून गेल्यावर मिस्त्री सापडला असता तरी त्यांना बोलावता आला नसता. जळगावात त्या जातीचा दिवा मिळेना. तेव्हा नानांनी असा विचार केला, की गाडी धुळ्याची, तर तिचे नातलगही धुळ्यातच असणार. ते चाळीसगावला आगगाडी बदलून धुळ्याला गेले.

धुळ्यात भाईदास मोडवाल्याच्या आवारात मेलेल्या मोटारींची हाडे पडलेली होती. भाईदासने नानांच्या हातातला फुटका दिवा पाहिला, मान हलवली आणि आतून एक दुसराच दिवा आणला. तो मूळ दिव्याच्या दीडपट होता.

"हाऊ तर लारीना दिसस," नाना म्हणाले. धुळ्यात पाय टाकला की त्यांची जीभ आपोआप अहिराणीकडे वळे. भाव बरा लागतो अशी त्यांची समजूत होती.

"लारीनाच शे," भाईदास म्हणाला. "पन लारीना दिवा मोटारले लावा तर मोटार काय रडस का? दिवा तो दिवा. बठ्ठा धुयामा असा दिवा भेटाव नही. रातना दिवस व्हई जाई, वकीलसाहेब!"

नानांना मूळ दिवा हवा होता. पण दुसऱ्याचे बोलणे पटत नसतानाही पुढे काय बोलावे ते सुचत नाही, ही अवस्था वकिलांनाही येते. फक्त ती कोर्टाबाहेर. त्यांनी दिवा घेतला. भाईदासने तो लाल फडक्यात छान बांधून दिला.

त्या लाल फडक्याने घोटाळा केला. परतीच्या गाडीत नाना दिवा खाली ठेवू लागले तर समोरची म्हातारी दचकून म्हणाली, "अरे भाऊ, खाले नको ठेवू! कानबाई शे ना?" फडक्याच्या फटीतून काच चमकत होती, तिला तो देवीचा मुखवटा वाटला. नाना खरे सांगणार, तोच तिने डोके टेकले. तिच्या सुनेने टेकले. पलीकडच्या बाकावरून दोघे उठून आले, त्यांनीही टेकले. आता 'हा लॉरीचा दिवा आहे' असे कोणत्या तोंडाने सांगावे? नाना चाळीसगावपर्यंत दिवा मांडीवर घेऊन ताठ बसले. डब्यात उभे राहायला जागा नव्हती, पण त्यांच्याभोवती हातभर मोकळी जागा होती. म्हातारी उतरताना त्यांच्याही पाया पडली.

जळगावला उतरून बाहेर पडतात तो जकात नाक्यावरच्या मुन्शींनी फडके सोडायला लावले.

"हे काय?"

"मोटारीचा दिवा."

मुन्शींनी दराचा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "कंदील आहे. समई आहे. चिमणी आहे. मोटारीचा दिवा नाही."

"तर मग जाऊ द्या."

"तसं कसं? तक्त्यात नाही तो माल गावात जाणार कुठल्या नावानं?" मुन्शी चिंतेत पडले. त्यांनी दिवा उलटा धरला, सुलटा धरला, वाजवून पाहिला. "पितळेचाच आहे ना पत्रा? खोलगट आहे. तुम्ही असं करा, वकीलसाहेब, घरगुती वापराची जुनी परात म्हणा. परातीला काही नाही."

"अहो, मी वकील आहे. मी दिव्याला परात म्हणू?"

"मग माल इथं ठेवा. वरून विचारणा करतो. महिनाभरात उत्तर येईल."

लग्न चार दिवसांवर होते. चुडामण वकिलांनी, ज्यांनी साक्षीदारांना एकेका शब्दासाठी घाम फोडला होता, घरगुती वापराची जुनी परात नेत असल्याबद्दल खाली सही केली.

रविवारी सकाळी काम सुरू झाले. नानांनी धोतराचा काचा मारला आणि मोटारीपुढे बैठक घातली. गल्लीतल्या लोकांनी ओट्याओट्यांवर घातली. जुना दिवा निघाला; पेच चार नसून सात निघाले, त्यातला एक गटारात गेला. नवा दिवा जागेवर बसेना. मोठ्या बुडाला लहान कोंदण, अशी गत. आप्पा म्हणाले, कोंदण मोठे करा. शेठ म्हणाले, गॅसबत्ती बांधा. नाना उठून स्वयंपाकघरात गेले आणि थोड्या वेळाने काही तरी उपरण्याखाली झाकून बाहेर आले. दुपारी वच्छलाबाईंनी वरणाचे पातेले ठेवले ते कलंडले.

"माझी पातेल्याखालची अडणी कुठे आहे?"

नाना जेवता जेवता खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर मोटारीच्या तोंडाशी, लॉरीच्या दिव्याखाली, लोखंडी अडणी तारांनी आवळून घट्ट बसली होती. फार चांगली बसली होती.

"आता वरण हातात धरून बसा," वच्छलाबाई म्हणाल्या. नाना पातेले एका हाताने सावरत जेवले. तक्रार केली नाही.

दिवेलागणीला चाचणी झाली. दिवा लागला, आणि भाईदासने सांगितले ते तंतोतंत खरे होते: रात्रीचा दिवस झाला. फक्त तो रस्त्यावर न होता समोरच्या माडीवर झाला. तिथे हिलाल आप्पा लंगोटी लावून अंगाला तेल चोळून घेत होते. साऱ्या गल्लीला आप्पा पायाच्या नखापासून दिसले. आप्पांनी आधी 'विझवा' म्हटले, मग खांबामागे जाण्याचा प्रयत्न केला. पण खांब बारीक होता आणि आप्पा नव्हते. नानांना घाईत बटणच सापडेना.

कपडे करून आप्पा खाली आले ते रागावून नव्हे, पेटून. "दिव्याचा कोन चुकलाय. हे माझ्यावर सोपवा."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून आपली तिपाई आणि दुर्बीण काढली. भिंतीवर खडूने रेघा ओढल्या. अंगणाला उतार किती, दिवा जमिनीपासून किती, रस्ता कुठून लागायचा, याचे गणित मांडले. आप्पा दुर्बिणीतून हात हलवीत आणि नाना अडणी पिळीत. "डावीकडे. थोडं. फार झालं. खाली. अहो, खाली म्हणजे खाली!" या पिळापिळीत मागची एक तार निसटली. नानांनी ती, जिथे जागा दिसली तिथे, खोचून दिली. आप्पांनी समाधानाने दुर्बिणीला टोपण लावले. "आता उजेड बरोबर रस्त्यावर पडतो की नाही बघा."

"लावून पाहू?" नाना म्हणाले.

"दिवसाउजेडी?" शेठ म्हणाले. "बॅटरी जपा, नाना. संध्याकाळी लागायची आहे."

ते सगळ्यांना पटले. रुपचंद शेठांचे पटलेले हे एकच म्हणणे.

लग्न थाटात लागले. मांडवातली जेवणे आटोपताच सुंदरवहिनी आपल्याकडच्या बायका घेऊन छकड्यातून पुढे गेल्या. सून यायच्या आत घरी सारी तयारी व्हायला हवी होती. ऊन उतरल्यावर मोटार निघाली. मागे पुना, नवी नवरी बेबाबाई, दोन भारदस्त करवल्या, एक त्याहून भारदस्त मावशी, आणि पाठीला बांधलेली लोखंडी पेटी. पुढे नानांच्या शेजारी कोणी नाही. गाडी हाकताना नानांचे दोन्ही कोपर बाहेर येत, त्यामुळे ती जागा ते मोकळीच ठेवत. मागून बैलगाडीत उखर्डूभाऊ आणि वाजंत्री.

गावाच्या हद्दीवर पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. रस्त्यात जमादार हात वर करून उभे होते.

"वकीलसाहेब, दिवे!"

नाना ज्या क्षणाची चार दिवस वाट पाहत होते तो हा. त्यांनी ऐटीत बटण ओढले. दोन्ही दिवे लागले. आणि त्याबरोबर भोंगा वाजू लागला. भोंग्याला नानांनी हात लावला नव्हता. हात लावून पाहिला, तरी तो थांबेना.

"भोंगा बंद करा!" जमादार ओरडले.

नानांनी बटण दाबले. भोंगा थांबला. दिवेही गेले.

"दिवे लावा!"

दिवे लागले. भोंऽऽऽ.

"अहो, भोंगा बंद!"

अंधार.

मागच्या जागेवर नवी नवरी हसली. सकाळपासून तिने मान वर केली नव्हती. आता पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसत होती आणि करवल्या तिला चिमटे काढत होत्या. नानांचे कान तापले. ते खाली उतरले आणि कोर्टात उभे राहतात तसे उभे राहिले.

"जमादारसाहेब, दिवे लावले तर भोंग्याचा गुन्हा होतो. न लावले तर दिव्यांचा होतो. दोन्हीपैकी कोणता करू, तेवढं तुम्ही सांगा."

जमादारांनी टोपी काढून डोके खाजवले. वाईट माणूस नव्हता. तेवढ्यात बैलगाडी येऊन पोचली आणि सनईवाला खाली उतरला. त्याला पाहून जमादारांचा चेहरा उजळला.

"वाजंत्रीची परवानगी आहे?"

"हाये ना!" उखर्डूभाऊ म्हणाले.

"मग झालं. हा भोंगा वाजंत्रीत धरतो. पण वाजंत्री म्हटली की वरात, आणि वरात म्हटली की पायी चालीनं. मोटार वाजंत्रीच्या पुढे जाता कामा नये."

"असोद्यापर्यंत?" नानांनी विचारले.

"परवानगी असोद्यापर्यंतची असेल तर असोद्यापर्यंत."

सनईवाल्याने भोंग्याकडे पाहिले. "साहेब, पन आम्ही कोन्त्या सुरात वाजवाचं?"

"त्याच्या," जमादार म्हणाले आणि बाजूला झाले.

अशी ती वरात निघाली. पुढे सनई, संबळ. मागे माणसाच्या चालीने मोटार, अखंड वाजत. सनईवाल्याने पहिला कोसभर स्वतःचा सूर टिकवायची धडपड केली, मग हार मानली आणि भोंग्याचाच सूर धरला. ज्यांनी ऐकले ते सांगतात, ते फार वाईट लागत नव्हते. नाना मात्र मान खाली घालून बसले होते. खाली घातलेल्या मानेनेही त्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत होती, की रस्ता काही दिसत नाही. आप्पांनी गणित बरोबर केले होते, पण ते रिकाम्या गाडीचे. मागे करवल्या, मावशी आणि पेटी बसल्यावर गाडीचे बूड खाली गेले होते आणि तोंड वर आले होते. उजवा दिवा मुळातच मिणमिणता. डावा दिवा बाभळींचे शेंडे उजळत चालला होता.

असोद्यात शिरले तेव्हा पुरता अंधार पडला होता. भोंगा कोसभरावरून ऐकू येत होता, त्यामुळे सारे गाव तयार होते. पुरुष गल्लीत, आणि बायका वर, घरांच्या धाब्यांवर. मातीच्या सपाट धाब्यांवर दाटीवाटीने उभ्या राहून खालची वरात पाहायची, त्यांना कोणी पाहायचे नाही, अशी रीत. आणि लॉरीच्या त्या दिव्याचा झोत गल्लीत शिरताच डाव्या हाताच्या धाब्यांवर जाऊन पडला.

एका धाब्यावरच्या लेकीसुना एकदम 'अगं माय' करून खाली बसल्या. पुढच्यावर कोणी पापड खात होती, तिचा हात तोंडापाशीच राहिला. त्याच्या पुढच्यावर पाटलीणबाई दिसल्या. उखर्डूभाऊंच्या घरचे पाणीसुद्धा घेणार नाही असे सांगत फिरणाऱ्या त्या पाटलीणबाई टाचा उंचावून वरात पाहत होत्या. खालचे पुरुष नवरदेवाला विसरून वर पाहू लागले. झोत पुढे पुढे सरकत होता. नानांना गाडी थांबवायची होती, पण थांबवली तर तो कोणा एकीवर ठरला असता. ते चालतच राहिले, आणि झोत उखर्डूभाऊंच्या धाब्यावर गेला.

तिथे सुंदरवहिनी उभ्या होत्या. पुरणाच्या पोळ्या लाटता लाटता भोंगा ऐकून तशाच वर धावल्या होत्या. हातात लाटणे, कोपरापर्यंत पीठ, गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर पीठ. नवरदेवाची आई, अंधारात पिठाने माखलेली, दिवसासारखी लख्ख दिसली. सनई थांबली. भोंगा थांबला नाही.

नानांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकले. पहाटे उठून ज्यांनी भाकरी बांधून दिल्या त्यांचे आपण हे पांग फेडले, असे त्यांच्या मनात आले.

"चुडामनभाऊ!" वरून आवाज आला. "मेल्या, तोंड तं धुवू द्यायचं व्हतं! पिठासगट दाखवलं रे मले साऱ्या गावाले!"

आणि वहिनी हसू लागल्या. लाटणे छातीशी धरून, वाकून वाकून, डोळ्यांतले पाणी पिठाच्या हाताने पुसत हसत होत्या. जितके पुसत तितके पीठ वाढत होते. त्यांच्या धाब्यावरच्या बायका हसल्या, मग शेजारच्या, मग सारी डावी बाजू. खाली बसलेल्या लेकीसुना पदर सावरून पुन्हा उभ्या राहिल्या; जरा पुढेच येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा उजव्या बाजूच्या अंधारातून कोणीतरी ओरडले, "ओ वकीलभाऊ! आमच्या बाजूनं काय पाप केलं? हिकडे कव्हा टाकता उजेड?"

"हाव! हिकडे बी पाहिजे!"

उखर्डूभाऊंनी समजावून पाहिले, की दिवा वळत नाही, गाडीच उलट बाजूने आणावी लागेल. "मंग आना उलट्या बाजूनं!" उजवी बाजू एका आवाजात म्हणाली.

तोवर वहिनी ओवाळणीचे ताट घेऊन खाली आल्या होत्या. नाना गाडीतून उतरले. "वहिनी, माझं चुकलं. दिवा जरा वर गेला."

"गेला तं गेला." वहिनींनी ताट जावेच्या हाती दिले. "सून माझी आत येईलच, ती कुठी जाते? पहिले एक फेरा मार. नही तं उजव्या बाजूच्या मले जन्मभर बोलून दाखवतीन. चाल, मी बसते."

आणि त्या नानांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर जाऊन बसल्या. नानांनी दोन्ही कोपर अंगाशी घेतले. वहिनी अंगाने चांगल्या होत्या. त्या बसताच गाडीचे तोंड खाली आले, आणि गल्लीला वळसा घालून नाना उलट बाजूने शिरले तेव्हा दिव्याचा झोत बरोबर रस्त्यावर पडला. दगड दिसला, खड्डा दिसला, पुढे चाललेल्या सनईवाल्याच्या अंगरख्यावरचे ठिगळ दिसले. नानांना चार दिवसांत पहिल्यांदा बरे वाटले.

वरून मात्र कल्ला उठला. "गेला! दिवा गेला! आमच्यावर येतच नही!"

"वहिनी, बघा, बघा कसा सरळ पडला!" नाना भोंग्याच्या वर आवाज काढून म्हणाले. "अशाच बसून राहा. हलू नका."

"रस्त्याले काय पाह्याचं? रस्ता रोजचाच हाये," वहिनी म्हणाल्या. "थांबव."

त्या उतरल्या, मागचे दार उघडून मावशींना आत लोटले आणि लेक आणि सून यांच्या मधे जाऊन बसल्या. मागचे बूड खाली गेले, तोंड वर झाले, रस्ता अंधारात बुडाला आणि उजव्या बाजूचे पहिले धाबे झळाळून उठले. तिथून आनंदाची आरोळी आली. समोरचे काही दिसत नव्हते. नाना सनईच्या आवाजामागून अंदाजाने, वाजत वाजत, गाडी पुढे नेऊ लागले.

मागून वहिनींचा आवाज येत होता. पिठाचे बोट वर करून त्या नव्या सुनेला सांगत होत्या, "पाह्य, ती धनीबाई, तुझी चुलतसासू. गोड बोलते, पन ऐकून घेयाचं नही. ती जिवली, तुले पाण्याले संग येईल. आन् ती पाह्य, ती, नथवाली..."

आणि जिच्याकडे बोट जाई ती त्या उजेडात पदर सारखा करून, नव्या सुनेला नीट दिसावे म्हणून, मान वर करून उभी राही.